त्याच वेळी, त्याच ठिकाणी

गोव्यात म्हापशाच्या बाजारात, कदंब बसस्टँडवर, कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर फुगे, माळा, दिव्यांची खेळणी विकणारी जी मुलं दिसतात, त्यांतल्या बहुतेकांना आईबाप आहेत. आई हाकेच्या अंतरावर मणी ओवत बसलेली असते. बाप कुठल्यातरी बांधकामावर असतो, नाहीतर नाक्यावर कामाची वाट बघत उभा असतो. हे आधीच सांगते, कारण मी या मुलांसाठी काम करते म्हटलं की लोक पहिलं हेच विचारतात, "मग यांना एखाद्या आश्रमात का नेऊन ठेवत नाही?" विचारणाऱ्यांच्या मनात कळवळाच असतो. पण गेल्या काही वर्षांत जे जवळून पाहिलं, त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. मुलाला उचलून नेणं सोपं असतं आणि ते फार काळ टिकत नाही. ताडपत्रीखाली राहणाऱ्या त्याच्या कुटुंबाला धड उभं राहता येईल असं काही केलं, तरच मूल रस्त्यावरून हलतं. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं २०१५ चा बाल न्याय कायदाही म्हणतो.

मी बार्देश तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडच्या सरकारी मराठी शाळांच्या पटावर आज कर्नाटकातून आलेल्या मजुरांची मुलं मोठ्या संख्येने आहेत. बागलकोट, विजापूर, गदग, कोप्पळ या भागातली. हंगाम संपला की पटावरची काही नावं गैरहजर होतात आणि पुढे त्यांचं काय झालं ते कळत नाही. ती जातात कुठे, हे बघायचं म्हणून मी एका संस्थेच्या गटात संध्याकाळची जाऊ लागले.

जाऊ लागले म्हणजे लगेच नाही. आधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणावा लागला. मग संस्थेच्या बालसुरक्षा नियमांवर सही. मुलाबरोबर कधीही एकटं राहायचं नाही. मुलाला स्वतःच्या घरी न्यायचं नाही. फोटो काढायचा नाही. पैसे द्यायचे नाहीत. माझ्याबरोबरच्या एका तरुण मुलीला हे सगळं फार वाटलं, तेव्हा गटातल्या जुन्या बाईंनी तिला फ्रेडी पीट्सची गोष्ट सांगितली. मडगावात 'गुरुकुल' नावाने अनाथालय चालवणारा, लोक ज्याला दानशूर समजत होते असा हा माणूस १९९१ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात पकडला गेला आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बाल कायदा केला, त्यामागे असे अनुभव आहेत. हॉटेलच्या खोलीत, तिथे उतरलेल्या कुटुंबातलं म्हणून नोंद नसलेल्या मुलाला प्रवेश देता येत नाही, हे त्याच कायद्यात आहे. किनाऱ्यावर माळा विकणाऱ्या मुलीला कोणी "चल, जेवायला घालतो" म्हणत बरोबर नेऊ लागलं तर हटकायचा अधिकार आपल्याला आहे का, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी हे लक्षात ठेवावं. हटकावं, आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फिरवावा. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली ही सेवा आता राज्य सरकारच्या महिला व बालविकास खात्याकडे आहे आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाला जोडलेली आहे.

वस्तीवरचं काम म्हणजे काय, तर ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी जाऊन बसणं. बाजाराच्या मागच्या बाजूला एका बंद दुकानाच्या पायरीपाशी आम्ही चटई टाकायचो. चटईवर चित्रांची पुस्तकं, खडू, पाट्या, आणि बाजूला प्रथमोपचाराची पेटी. सुरुवातीला पुस्तकांकडे कोणी फिरकलं नाही. मुलं जवळ आली ती नखं कापायला. पेटीत एक नेलकटर होता आणि त्यासाठी रांग लागायची. नखात काळा मळ, बोटांना फुग्यांच्या दोऱ्याने पडलेल्या चिरा. एकेकाचा हात हातात घेऊन नखं काढताना मूल आपोआप बोलू लागतं. प्रश्न विचारावे लागत नाहीत. कोणाच्या टाचेत काच गेलेली असायची, ती धुऊन पट्टी बांधायची, खोल असली तर जिल्हा इस्पितळात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन. इस्पितळात नेताना आईला बरोबर घ्यायचंच, हा नियम. त्या वाटेवर आईशी ओळख व्हायची.

वेळ का पाळायची, हे आमच्या गटातल्या बेळगावच्या सहकाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो कानडी आणि मराठी दोन्ही सहज बोलतो, म्हणून मुलं त्याला 'अण्णा' म्हणतात. तो म्हणाला, "या मुलांच्या आयुष्यात येणारी माणसं एकदा येतात, बिस्किटं वाटतात, फोटो काढतात आणि जातात. तुम्ही पाऊस असला तरी या. शिकवू नका वाटलं तर, पण या." पाऊस असला की आम्ही पायरीवर छत्र्या धरून बसायचो. मुलं भिजत यायची. पैसे न देण्याचा नियमही त्याच्यामुळेच पटला. हातावर पडलेली नोट मुलाची नसते. ती संध्याकाळच्या हिशेबात जाते, आणि ज्या मुलाला जास्त मिळतात त्याला दुसऱ्या दिवशी जास्त वेळ उभं करतात.

नोंदी ठेवाव्या लागतात. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या कार्यपद्धतीत रस्त्यावरच्या मुलांचे तीन गट केले आहेत. कोणाचाही आधार नसलेली, एकटी राहणारी मुलं. कुटुंबासह रस्त्यावर राहणारी. आणि दिवसा रस्त्यावर, रात्री जवळच्या झोपडपट्टीत घरी जाणारी. सर्वोच्च न्यायालयाने या मुलांची माहिती 'बाल स्वराज' पोर्टलवर भरायला सांगितल्यापासून ती तिथे चढवली जाते. कागदावर हे वर्गीकरण कोरडं दिसतं, पण त्याचा उपयोग मोठा. तिघांना लागणारी मदत वेगळी असते, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की बिघडतं.

एकट्या मुलाचं काम मी मडगाव स्टेशनवर पाहिलं. प्रशिक्षणाचा भाग म्हणून आम्हाला तिथल्या गटाबरोबर रात्री थांबायला पाठवलं होतं. रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला गाडीत एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा सापडला. तिकीट नाही, बरोबर कोणी नाही, खिशात नशेसाठी हुंगायच्या सोल्यूशनची ट्यूब आणि मळका रुमाल. असं मूल सापडलं की चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती, तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. त्याला आधी वैद्यकीय तपासणी, मग समिती, मग तात्पुरतं निवारागृह असं नेलं. हे सगळं वेळेत झालं. पुढचं अवघड होतं. मुलगा रोज वेगळं नाव सांगायचा. गावही रोज वेगळं. समुपदेशक ताई त्याला खोटं बोलतोस म्हणून एकदाही बोलल्या नाहीत. त्यांनी गाव विचारणं सोडलं आणि जत्रेचं विचारलं. "तुमच्याकडे जत्रा कधी असते रे? काय काय येतं?" मुलगा खुलला. रथ, तळ्याकाठची गर्दी, नाटकांचे तंबू. अण्णाने ऐकताक्षणी ओळखलं, ही बादामीजवळच्या बनशंकरीची जत्रा. तिथून शोध घेतला. त्या जिल्ह्यातल्या बालसंरक्षण कक्षाने घर शोधलं, घरची चौकशी केली. काका मारायचा म्हणून मुलगा पळाला होता, आजीला तो हवा होता. अहवाल आल्यावर समितीने त्याला त्या जिल्ह्यातल्या समितीकडे पाठवण्याचा आदेश दिला आणि तिथल्या समितीने आजीकडे सोपवताना काकावर अट घातली. चौकशी न करता त्याला पहिल्याच दिवशी गाडीत बसवून दिलं असतं, तर तो पुढच्या स्टेशनवर उतरला असता.

आता म्हापशाचं. नखं कापायला येणाऱ्यांत साधारण नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिचं नाव मी लिहीत नाही, अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे आणि ती योग्यच आहे. कडेवर कायम धाकटा भाऊ. संध्याकाळी फुगे विकायची, आणि फुगे संपेपर्यंत भावाला खाली ठेवायची नाही. पाटीवर काही लिहायला सांगितलं की एका हाताने लिहायची. ताडपत्रीचं घर बाजारापासून थोड्या अंतरावर, एका मोकळ्या जागेत. बाप अधूनमधून यायचा, मग यायचा बंद झाला.

तिच्या आईने आमच्याशी बोलायला फार वेळ घेतला. कारण साधं होतं. मागे एकदा अशाच वस्तीवर मोहीम झाली होती, मुलांना गाडीत घालून नेलं होतं आणि आया रात्रभर या दारातून त्या दारात फिरल्या होत्या. कोणी नेलं, कुठे ठेवलं, कोणीच सांगत नव्हतं. मुलं परत मिळाली, आणि आठवड्याच्या आत ती अख्खी वस्ती दुसरीकडे गेली. तिथे आधी काम करणाऱ्यांची सगळी मेहनत वाया. मुलांकडून भीक मागवणं हा गुन्हाच आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखाचा दंड आहे, आणि टोळ्यांवर तो लावलाच पाहिजे. पण नवऱ्याने सोडलेली बाई पोराला कडेवर घेऊन फुगे विकते, तिला आणि टोळीच्या मुकादमाला एकाच मापाने मोजलं की मुलाचंच नुकसान होतं. हे मला मनापासून वाटतं आणि मी ते प्रत्येक बैठकीत बोलते.

आई बोलू लागली ती अण्णाशी, कानडीत. तिचं पहिलं वाक्य होतं, "पोरीला नेणार नसाल तर शाळेचं बोला."

शाळेचं बोलणं सगळ्यांत सोपं ठरलं. दिवाळी होऊन गेली होती, जन्मदाखला नव्हता, आधार नव्हतं, आधीच्या शाळेचा दाखला नव्हता. तरी शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे यांतल्या कुठल्याही कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नसेल तर पालकाचं लेखी निवेदन चालतं, आणि वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावाच लागतो. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला हे माहीत होतं, त्यामुळे वाद झाला नाही. वयाप्रमाणे मुलगी चौथीत बसली, आणि अक्षरओळखीसाठी वेगळा वेळ. धाकट्याचं काय, हा प्रश्न मात्र तिने स्वतःच विचारला. तो अंगणवाडीत जाईपर्यंत ती शाळेत यायला तयार नव्हती. तेव्हा आधी अंगणवाडी. तिथल्या बाई म्हणाल्या, येऊ दे, पट वाढतोय. मधल्या सुट्टीत शाळेत पाव-भाजी मिळते. मुलगी अर्धा पाव रुमालात बांधून ठेवायची, ते आम्हाला नंतर कळलं. शाळेतल्या बाईंनी तिला कधी हटकलं नाही. बचतगटाच्या बायकांना सांगून तिच्यासाठी एक पाव जास्त ठेवायला लावला.

फुगे बंद झाले नाहीत. संध्याकाळी ती विकतच होती, कारण त्या पैशांवर घर चालत होतं. म्हणून समितीकडे जायचं ठरलं, प्रायोजकत्वाच्या मदतीसाठी. मिशन वात्सल्य योजनेत पात्र मुलाला महिन्याला ४,००० रुपये मिळतात, म्हणजे मूल घरीच राहावं आणि शिकावं म्हणून. नवऱ्याने सोडलेल्या आईचं मूल, रस्त्यावर राहणारं मूल, दोन्ही यात बसतात. शहरी भागात कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९६,००० च्या आत हवं.

आईला 'समिती' म्हटल्यावर पुन्हा तीच भीती. तिला आम्ही आधीच एकदा नेऊन खोली दाखवली. टेबल, खुर्च्या, एका कोपऱ्यात खेळणी. पोलिसांचा गणवेश नाही. सुनावणीच्या दिवशी सदस्य बाईंनी मुलीला विचारलं, "तुला काय हवंय, बाय?" मुलगी म्हणाली, "आईकडेच राहायचं आणि रात्री लाइट पाहिजे." समितीने सामाजिक तपासणी अहवाल मागवला. हा अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. बालसंरक्षण कक्षाचे सामाजिक कार्यकर्ते ताडपत्रीपर्यंत चालत आले, चुलीपाशी बसले, शेजारणींशी बोलले. मुलगी आईकडेच राहील, शाळेची हजेरी कळवत राहायचं आणि दोन्ही मुलांच्या प्रायोजकत्वासाठी शिफारस, असा आदेश झाला.

शिफारस झाली आणि कागदांचा घाट सुरू झाला. मदत बँक खात्यात येते. खात्याला आधार हवं. आधारला जन्मदाखला आणि पत्ता हवा. उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीतून, तिथेही पत्ता. ताडपत्रीला पत्ता कुठला? एका कार्यालयात खिडकीमागच्या माणसाने आईला "घर नाही तर दाखला नाही" असं सांगून परत पाठवलं. ती तिथे काही बोलली नाही, बाहेर येऊन पायरीवर बसली आणि अर्जाचा कागद घडी घालून घालून अगदी लहान केला. तो कागद मी अजून फाइलमध्ये ठेवला आहे. शेवटी पत्त्याचा प्रश्न खोलीनेच सुटला. गटाने अनामत रकमेची सोय केली, एका घरमालकाने मागच्या बाजूची खोली दिली, भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची ती दिली. दिवा आला. पत्ता आला.

धाकट्याचा जन्म म्हापशाच्या इस्पितळातला, त्यामुळे नोंद होती, फक्त नाव घातलेलं नव्हतं. नोंदणीनंतर पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं, ते घालून घेतलं. इस्पितळात जन्माला आलेल्या बाळांच्या आयांना मी आता अंगणवाडीत, भेटेन तिथे हेच सांगते, की नाव ठेवलं की ते दाखल्यावर चढवून या, पुढची वर्षं वाचतात.

मुलीचं तसं नव्हतं. ती ऊसतोडीच्या फडावर जन्मली, सांगली जिल्ह्यात, खोपीत. नोंद कुठेच नाही. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, गोव्यात नाही. वर्ष उलटून गेलेल्या नोंदीला पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी तो देऊ शकतो. त्यासाठी ग्रामपंचायतीकडून नोंद नसल्याचा दाखला हवा, आईचं प्रतिज्ञापत्र हवं, आणि जन्माच्या वेळी हजर असलेलं कोणी मिळालं तर उत्तम. आईला कारखान्याचं नाव आठवत होतं, गावाचं नाही. मुकादमाचा फोन लागला, त्याने गाव सांगितलं. सुईण म्हणून जिने नाळ कापली ती बाई त्याच टोळीतली, आता बागलकोटकडे असते, आणि ती साक्ष द्यायला तयार आहे.

दरम्यान पावसाळा आला. त्यांच्या वस्तीवरची बहुतेक कुटुंबं गावी गेली, तशी दरवर्षी जातात. जाणाऱ्या मुलांसाठी आम्ही शाळांकडून दाखले काढून दिले आणि गावच्या कानडी शाळांना पत्रं लिहिली, म्हणजे तिथे बसू देतील. काहींना बसू दिलं, काहींच्या गावात कोणी दारही उघडलं नाही. मुलीची आई या वर्षी गेली नाही. खोलीचं भाडं भरायचं म्हणून एका खानावळीत भांडी घासते. मदतीचा पहिला हप्ता धाकट्याच्या नावावर मंजूर झाला आहे, कारण त्याचे कागद पुरे होते. मुलगी आता संध्याकाळी चटईवर येते ती फुगे न घेता, आणि लहान मुलांची नखं तीच कापते.

तिच्या नावाचा हप्ता जन्मदाखल्यावर अडला आहे. सांगली जिल्ह्यातल्या त्या ग्रामपंचायतीचा दाखला हातात आला आहे, प्रतिज्ञापत्र तयार आहे. येत्या सोमवारी अण्णा आणि तिची आई सकाळच्या बसने तिकडच्या उपविभागीय कार्यालयात जायला निघतील. सुईण बाईला बागलकोटहून आणण्याचा खर्च गटाने दिला आहे.